तेर : देव बदलले, छप्पर टिकले

आपल्या समाजात यात्रेची यादी ठरलेली असते. सम्मेदशिखरजी, गिरनारजी, श्रवणबेळगोळ, मांगीतुंगी, कुंथलगिरी आणि आम्हा हिंगोलीकरांसाठी घराजवळचे शिरड शहापूर. तेर हे नाव त्या यादीत क्वचितच आढळते. धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी वसलेल्या या गावी भगवान महावीरांचे दिगंबर जैन मंदिर आहे. त्यामुळे कुंथलगिरीला जाणारे काही यात्रेकरू वाट वाकडी करून तेथे थांबतात, दर्शन घेतात आणि पुढे निघतात. परंतु त्याच गावात आणखी एक मंदिर आहे. त्याच्या भिंती बौद्ध उपासकांनी उभारल्या, त्यात आज त्रिविक्रम विष्णू उभा आहे आणि गाव मोठ्या भक्तिभावाने त्याची पूजा करते. हे मंदिर पाहण्यासाठीच मुद्दाम तेरला जावे, असे आमच्या घरात गेल्या हिवाळ्यात ठरले.

या ठरण्यामागे एक कारण होते. आमच्या जिल्ह्यातील एका गावी आपले जुने जिनमंदिर आहे. दगडी भिंती, लाकडी खांबांचा सभामंडप, पावसाळ्यात एका कोपऱ्यातून गळणारे छत. ते उतरवून त्या जागी शिखरबंद संगमरवरी मंदिर बांधावे असा विचार संघात निघाला. वर्गणीची बोलणी सुरू झाली. हळदीचा हंगाम बरा गेला होता, देणाऱ्यांचे हात मोकळे होते. वडीलधाऱ्यांपैकी काहींना ते मनापासून हवे होते, काहींच्या मनात कुठेतरी खटकत होते. पण का खटकते ते कोणालाच नीट सांगता येत नव्हते. जुनी वास्तू म्हणजे नेमके काय, ती कशाने टिकते आणि कशाने जाते, हे एकदा डोळ्यांनी पाहून यावे असे मला वाटले.

हिंगोलीहून तेरकडे

मी, माझी पत्नी, पंचाहत्तरी ओलांडलेले काका आणि कामानिमित्त काही महिने इटलीत राहून आलेला मुलगा असे चौघे पहाटे निघालो. काकांचा चौविहार असल्यामुळे सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची सोय आधी ठरवावी लागते. दशम्या, चटणी आणि उकळून गार केलेले पाणी बरोबर घेतले होते. परभणी, परळी, अंबाजोगाई, लातूर, मुरूड, ढोकी असा आमचा मार्ग होता.

निघताना पहिला मुक्काम अर्थातच औंढा नागनाथ. हे ज्योतिर्लिंगाचे स्थान. मंदिराचा खालचा भाग यादवकाळातील काळ्या दगडाचा, हत्तींच्या रांगा आणि मूर्तींनी भरलेला. वरचा भाग मात्र नंतरच्या काळात बांधलेला, चुन्याने लिंपलेला, पांढरा. दोन काळांची ही सांधणी दुरूनही ओळखू येते. ज्या कोणी वरचा भाग पुन्हा उभारला त्यांनी खालचा दगड काढून टाकला नाही, उरलेल्यावरच बांधले. लहानपणापासून शेकडो वेळा पाहिलेले हे शिखर त्या दिवशी मला प्रथमच वेगळ्या अर्थाने दिसले.

औंढा आणि तेर या दोन गावांना जोडणारा एक धागा वारकरी परंपरेतही आहे. संत नामदेवांचे नरसी आपल्याच जिल्ह्यातले. संतमंडळींत मडक्यांप्रमाणे डोकी थोपटून कोण पक्के, कोण कच्चे याची परीक्षा घेणारे गोरोबाकाका तेरचे. नामदेव कच्चे ठरले आणि गुरूच्या शोधात औंढ्याला विसोबा खेचरांकडे आले, अशी कथा आहे. म्हणजे हिंगोली आणि तेर यांचे येणे-जाणे आजचे नाही. वाटेत काका ही कथा रंगवून सांगत होते आणि शेवटी म्हणाले, “आपण उलट्या दिशेने चाललो आहोत. नामदेव तेरकडून औंढ्याला आले, आपण औंढ्याहून तेरला.”

व्यापाऱ्यांची तगरनगरी

आजचे तेर हे मध्यम आकाराचे गाव आहे. दोन हजार वर्षांपूर्वी ते दक्षिणेतील मोठ्या बाजारपेठांपैकी एक होते आणि त्याचे नाव होते तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या, ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एका अनामिक माणसाने समुद्रमार्गावरील बंदरांची आणि मालाची माहिती देणारा ग्रंथ लिहिला. ‘पेरिप्लस’ या नावाने तो प्रसिद्ध आहे. लिहिणारा बहुधा स्वतःच व्यापारी असावा. कारण राजांपेक्षा मालावर त्याचे लक्ष अधिक आहे. तो सांगतो की भडोच बंदराच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांवर तगर. तगरहून साधे कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि आसपासच्या प्रदेशातून आलेला इतर माल बैलगाड्यांवर लादून, रस्ते नसलेल्या मुलुखातून भडोचला नेला जाई. तेथून तो जहाजांनी रोमन साम्राज्यात पोहोचे.

हे तगर नेमके कोणते, याविषयी अभ्यासकांनी बरीच वर्षे निरनिराळे तर्क केले. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी ते म्हणजेच तेर असे दाखवून दिले आणि त्यानंतर पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स यांनी गावात येऊन येथील वास्तूंची पाहणी केली. आपल्या वाचकांना आणखी एका गोष्टीचे कौतुक वाटेल. कोकण आणि कोल्हापूर येथे राज्य करणारे शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. त्यांतील कोल्हापूरच्या शाखेने जैन मंदिरांना आणि मुनींना उदार आश्रय दिला. तगर त्यांच्या हाती उरले नव्हते, तरी नावाचा अभिमान शतकानुशतके टिकला. मूळ गाव सोडून पिढ्या लोटल्या तरी आपण आपल्या कुळाच्या गावाचे नाव सांगतो, तसेच हे.

गावातील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय पाहिल्याशिवाय हा व्यापार डोळ्यांपुढे उभा राहत नाही. लामतुरे हे तेरचेच. नांगराच्या फाळाला लागलेल्या, पावसाने उघड्या पडलेल्या, मुलांनी खेळायला उचललेल्या हजारो वस्तू त्यांनी आयुष्यभर जमवल्या. आज तो ठेवा शासनाच्या संग्रहालयात आहे. शंखाच्या बांगड्या, रंगीत मणी, मातीच्या मूर्ती, रोमन नाण्यांच्या धर्तीवर केलेली मातीची पदके. हस्तिदंताची एक लहान स्त्रीमूर्ती पाहून मुलगा थबकला. इटलीत इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात १९३८ साली अशीच एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. तेर आणि भोकरदन येथील मूर्तींशी तिचे साम्य अभ्यासकांनी नोंदवले आहे. मराठवाड्यातून निघालेला माल नेपल्सच्या परिसरापर्यंत पोहोचत होता. काकांनी काचेजवळ जाऊन ती मूर्ती बराच वेळ पाहिली आणि इतकेच म्हणाले, “आपल्या धंद्यातली माणसे फार जुनी दिसतात.”

त्रिविक्रमाच्या दारी

वस्तुसंग्रहालयातून निघून गावातील गल्ल्यांमधून आम्ही त्रिविक्रम मंदिरापाशी आलो. पहिल्या नजरेत हे मंदिर मंदिरासारखे दिसत नाही. नेहमीचे उंच निमुळते शिखर येथे नाही. विटांची एक लांबट इमारत, मागची बाजू अर्धगोल वळलेली, वर पालथ्या घातलेल्या होडीसारखे छप्पर आणि पुढच्या बाजूस छताच्या टोकाशी पिंपळपानाच्या आकाराची मोठी कमान. कार्ल्याचे किंवा अजिंठ्याचे चैत्यगृह ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही कमान तत्काळ ओळखू येईल. तेथे डोंगर आतून कोरून जे केले, ते येथे सपाट भूमीवर विटा रचून उभे केले आहे. मागचा भाग हत्तीच्या पाठीसारखा गोल असतो म्हणून अशा रचनेला गजपृष्ठाकार म्हणतात. गोल भागात स्तूप आणि त्याभोवती प्रदक्षिणेला वाट, अशी बौद्ध चैत्याची मांडणी असे.

लेण्यांमध्ये असे चैत्य पुष्कळ आहेत. परंतु विटांनी बांधलेला आणि छपरासह उभा राहिलेला चैत्य भारतात फार दुर्मीळ आहे. असेच दुसरे उदाहरण आंध्र प्रदेशातील चेजर्ला येथील कपोतेश्वर मंदिराचे. तेथेही मूळ चैत्यात पुढे शिवाची स्थापना झाली. बांधकाम इसवी सनाच्या आरंभीच्या काही शतकांतील असावे असे अभ्यासक मानतात. नंतर केव्हातरी वैष्णव भक्तांनी त्यात त्रिविक्रमाची स्थापना केली आणि पुढे सपाट छताचा मंडप जोडला. आत गेल्यावर वामनावतारातील तो क्षण दगडात दिसतो. एक पाय भूमीवर रोवलेला आणि दुसरा आकाश मोजण्यासाठी उंच उचललेला.

आम्ही जिनोपासक. त्रिविक्रमापुढे आम्ही पूजा केली नाही; पण हात जोडून शांतपणे उभे राहिलो. आपल्या परंपरेतही विष्णुकुमार मुनींची कथा आहे. हस्तिनापुरात बळीच्या उपसर्गातून सातशे मुनींना सोडवण्यासाठी विष्णुकुमार मुनींनी बटूचे रूप घेतले, तीन पावले भूमी मागितली आणि विक्रिया ऋद्धीने देह वाढवला. रक्षाबंधनाचा आपला सण याच कथेशी जोडलेला आहे. कथा निराळी, नायक निराळा, हेतू निराळा. तरी ते उचललेले पाऊल पाहून पत्नीला ती कथा आठवली आणि तिने मुलाला तेथेच ऐकवली.

बाहेरच्या पायरीवर गावातले एक वृद्ध गृहस्थ बसले होते. मी त्यांना विचारले, हे मूळचे बौद्धांचे स्थान होते हे गावात ठाऊक आहे का? ते म्हणाले, “ठाऊक आहे की. साहेब लोक येतात, सांगतात. पण दिवा तर लागतोच ना रोज.”

या उत्तरात मला आमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर सापडले. तेरमध्ये उत्खनन झाले तेव्हा विटांच्या मोठ्या स्तूपाचे अवशेष मिळाले. सातवाहन काळात येथे बौद्ध संघाचा मोठा विस्तार होता हे त्यावरून स्पष्ट होते. मग त्या साऱ्या वास्तूंमधली हीच एक छपरासह का उभी राहिली? बाकीचे स्तूप आणि विहार ओस पडले. जी वास्तू ओस पडते तिच्या विटा गावाच्या घरांत, विहिरींत आणि कुंपणांत जातात. या एका चैत्यात मात्र कोणीतरी नवा देव आणून बसवला. देव आला म्हणून पुजारी आला, पुजारी आला म्हणून दिवा लागला, दिवा लागला म्हणून गळके छप्पर कोणाच्या तरी डोळ्यांना दिसले आणि ते दुरुस्त झाले. शतकांमागून शतके हेच होत राहिले.

रोममधील दाखला

त्या पायरीवर बसूनच मुलाने रोममधील पँथिऑनची हकीकत सांगितली. ती येथे देणे अप्रस्तुत होणार नाही, कारण ज्या रोममध्ये तगरची मलमल जात होती, त्याच रोममध्ये हाच प्रकार घडला आहे.

पँथिऑन या ग्रीक शब्दाचा अर्थच सर्व देवांचे स्थान. आज उभी असलेली वास्तू सम्राट हेड्रियनच्या काळात, दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात पुरी झाली. तिचा घुमट त्रेचाळीस मीटर व्यासाचा आहे आणि त्यात लोखंडाची एक कांबीही नाही. घुमटाच्या मध्यभागी आकाशाला उघडे असे मोठे वर्तुळ आहे. त्यातून ऊन येते आणि पाऊसही येतो. पाणी वाहून जावे म्हणून फरशीला बारीक छिद्रे ठेवलेली आहेत. रोमन लोक ख्रिस्ती झाले, जुन्या देवांची पूजा थांबली. इसवी सन ६०९ मध्ये सम्राट फोकासच्या अनुमतीने पोप चौथा बोनिफेस याने ही वास्तू मेरी आणि धर्मासाठी प्राण दिलेल्या हुतात्म्यांच्या नावे अर्पण करून तिचे चर्च केले. तेव्हापासून आजपर्यंत तेथे प्रार्थना होते. थोर चित्रकार राफाएल याची समाधी तेथेच आहे. मुलगा गेला तेव्हा एका बाजूला पर्यटकांची गर्दी आणि दुसऱ्या बाजूला वेदीपुढे प्रार्थनेच्या बाकांची रांग, असे दृश्य त्याने पाहिले.

आता याची दुसरी बाजू. त्याच नगरातील ज्या मंदिरांना कोणी वाली उरला नाही, त्यांचा संगमरवर मध्ययुगात फोडून भट्ट्यांमध्ये भाजला गेला आणि त्याचा चुना नव्या घरांना लागला. पँथिऑनचेही सारे वाचले असे नाही. सातव्या शतकात एका सम्राटाने छतावरचे ब्राँझचे पत्रे काढून नेले, सतराव्या शतकात एका पोपने देवडीचे ब्राँझ वितळवले. पण भिंती आणि घुमट राहिले, कारण तेथे कोणी ना कोणी रोज येत होते.

मुलाने हे सांगितल्यावर काकांनी एक शंका काढली, आणि ती रास्त होती. “पण ज्यांचे देव गेले त्यांना काय वाटले असेल?” प्रत्येक ठिकाणी हा बदल सुखाने झाला असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी गोव्यात मंदिरे पाडली आणि अनेकांच्या जागी चर्च उभी राहिली. मंगेशाचे लिंग भक्तांनी १५६० साली कुठ्ठाळीहून हलवून नदीपलीकडे प्रियोळला नेले, म्हणून आज तेथे मंगेशी आहे. दक्षिणेत कित्येक जैन बसद्यांची पुढे शिवमंदिरे झाली. आणि आपले शिरड शहापूर? भगवान मल्लिनाथांची ती काळ्या पाषाणातील अर्धपद्मासनातली मूर्ती पूर्वी नांदेडजवळच्या अर्धापूरला होती आणि सुमारे तीनशे वर्षांपूर्वी तेथून शिरडला आणली गेली, असे क्षेत्राची परंपरा सांगते. तेरला वास्तू राहिली आणि मूर्ती बदलली. शिरडला मूर्ती राहिली आणि वास्तू बदलली. ज्यांच्या हातून जे वाचवणे शक्य होते, ते त्यांनी वाचवले.

धाराशिवची लेणी

आपल्याकडून गेलेले आपण मोजतो. आपल्याकडे आलेलेही मोजायला हवे. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही धाराशिवची लेणी पाहिली. शहरापासून थोड्याच अंतरावर बालाघाटाच्या डोंगरात ही लेणी आहेत. एका मोठ्या लेण्यात खांबांनी वेढलेला प्रशस्त चौरस सभामंडप, तिन्ही बाजूंस लहान लहान खोल्या आणि समोर गर्भगृहात नागफणा धारण केलेले भगवान पार्श्वनाथ. मंडपातील गार अंधारातून त्या मूर्तीकडे जाताना पावले आपोआप हलकी पडतात. काकांनी तेथे बसून णमोकार मंत्राची माळ पुरी केली.

या लेण्यांची कथा आपल्या साहित्यात आहे. मुनी कनकामर यांनी सुमारे अकराव्या शतकात अपभ्रंश भाषेत ‘करकंडचरिउ’ हे काव्य रचले. त्यात राजा करकंडू तेरापूर नगराजवळ येतो, डोंगरातील लेणे आणि त्यातील पार्श्वनाथांची मूर्ती पाहतो. सिंहासनावर एक गाठ उठून दिसते. ती फोडताच पाण्याचा प्रवाह उसळतो. हे लेणे पूर्वी दुसऱ्यांनी करवले होते असे राजाला कळते आणि तो तेथे आणखी लेणी करवतो. डॉ. हिरालाल जैन यांनी हा ग्रंथ संपादित केला आणि १९३४ मध्ये तो शेजारच्या वाशिम जिल्ह्यातील कारंजा येथून प्रसिद्ध झाला. काव्यातील तेरापूर म्हणजे तेर आणि ती लेणी म्हणजे धाराशिवची, हे त्यांनीच दाखवून दिले.

परंतु अभ्यासकांपैकी काहींचे मत असे आहे की यांतील मुख्य लेणी मुळात बौद्ध भिक्षूंसाठी कोरली गेली आणि पुढे जैनांनी ती आपलीशी केली. इतर काही जण ती आरंभापासून जैनच मानतात. वाद विद्वानांचा आहे, तो त्यांनी सोडवावा. श्रावक म्हणून मला त्यात एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. पहिले मत खरे ठरले तर तेरच्या वैष्णवांनी जे केले तेच धाराशिवला आपल्या पूर्वजांनी केले. आपण कोठे घर सोडणारे आहोत आणि कोठे दुसऱ्याच्या घरात येऊन दिवा लावणारे. एकाच वस्तूकडे अनेक बाजूंनी पाहायला शिकवणारा अनेकांत आपण पाठशाळेत मुलांना सांगतो. तो लागू करायचा झाला तर या डोंगरापेक्षा चांगली जागा मिळणार नाही. स्वतःचे गेले त्याची खंत आणि दुसऱ्याचे आले त्याचे विस्मरण, या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत.

आपल्या गावचे मंदिर

आता मूळ प्रश्नाकडे येतो. परक्या धर्माने वास्तू घेतली तरी ती टिकते, हे तेर आणि रोम दोन्ही सांगतात. मग वास्तू पुरती नाहीशी कशाने होते? ओस पडल्याने होते, हे एक. आणि दुसरे कारण आपल्याच हातचे आहे: प्रेमाने, श्रद्धेने, वर्गणी गोळा करून, मुहूर्त पाहून आपण ती स्वतःच उतरवतो. परकीयाने पाडली तर निदान इतिहासात नोंद होते. आपण पाडली तर मांडव घालून पंचकल्याणक करतो आणि जुन्या मंदिराचा फोटोसुद्धा कोणाच्या घरी सापडत नाही.

जीर्णोद्धार हा शब्द आपल्याकडे फार पवित्र मानला आहे. नवे मंदिर बांधण्यापेक्षा जीर्णोद्धाराचे पुण्य आठपट, असे वडीलधाऱ्यांच्या तोंडून आपण सारे ऐकत आलो. पण शब्दाचा अर्थ पाहावा. जे जीर्ण झाले त्याचा उद्धार, म्हणजे त्याला वर उचलणे, सावरणे. आजारी वडिलांना दवाखान्यात नेणे हा उद्धार आहे. अलीकडे मात्र जुने सारे काढून टाकून नवे बांधण्यालाही आपण तेच नाव देऊ लागलो आहोत.

जुन्या मंदिराबरोबर काय जाते, याचे एक उदाहरण देतो. मराठवाड्यात आणि विदर्भात कितीतरी मंदिरांमध्ये पांढऱ्या पाषाणाच्या लहान मूर्तींच्या पीठावर संवत १५४८ असा लेख आढळतो. मुडासा येथील शहा जीवराज पापडीवाल या व्यापाऱ्याने भट्टारक जिनचंद्रांच्या हस्ते त्या वर्षी हजारो मूर्तींची प्रतिष्ठा करवली आणि त्या देशभर पाठवल्या. एका व्यापाऱ्याचे नाव पाचशेहून अधिक वर्षे टिकले, ते कोठल्या वहीखात्यामुळे नव्हे, त्या पीठावरच्या दोन ओळींमुळे. आपल्या मंदिरातील मूर्तींवर, तुळईवर, उंबऱ्यावर, घंटेवर अशा ओळी असतात. त्या वाचण्याआधी चुन्याने किंवा रंगाने बुजवल्या, घासून काढल्या किंवा दगडच बदलला, तर ज्याने दान दिले त्या पूर्वजाचे नाव आपणच पुसतो. आज आपण नव्या संगमरवरावर स्वतःची नावे कोरतो. उद्याच्या पिढीने आपल्याशीही तसेच वागावे असे आपल्याला वाटेल काय?

हिंगोलीला परतल्यावर संघाच्या बैठकीत मी चार गोष्टी मांडल्या. कोणत्याही गावच्या संघाला त्या उपयोगी पडतील, म्हणून येथे देतो.

पहिली, काहीही हलवण्याआधी मंदिराचे आतून-बाहेरून फोटो काढावेत, मोजमाप घेऊन नकाशा करावा आणि त्याची प्रत पाठशाळेत ठेवावी. दुसरी, सर्व मूर्तिलेख जाणकाराकडून वाचून घ्यावेत आणि छापून प्रत्येक घरी द्यावेत. तिसरी, छत गळते म्हणून मंदिर मोडकळीला आले असे गृहीत धरू नये. जुन्या दगडी, चुन्याच्या बांधकामाची माहिती असलेल्या अभियंत्याला दाखवावे. सिमेंटचा गिलावा जुन्या भिंतीत ओल कोंडून ठेवतो आणि पुष्कळदा दुखणे वाढवतो. चुन्याचे काम करणारे कारागीर आजही मिळतात. चौथी, जागा अपुरी पडत असेल तर नवा सभामंडप शेजारी बांधावा. तेरच्या लोकांनी हेच केले: चैत्य तसाच ठेवला आणि पुढे मंडप जोडला.

बैठकीत एका तरुण बंधूने विचारले, “पण मग समाजाची प्रगती कशात दिसणार?” प्रश्न प्रामाणिक होता. त्याला मी सांगितले की आपण व्यापारी माणसे. जुनी पेढी असल्याचा आपल्याला केवढा अभिमान! दुकानावर ‘स्थापना’ म्हणून जुने साल आपण मोठ्या अक्षरांत लिहितो, कारण जुने साल म्हणजे पत. नवे दुकान कोणीही काढू शकतो. पन्नास-शंभर वर्षांची पेढी विकत मिळत नाही. मंदिराचेही तसेच आहे. संगमरवर कोणत्याही गावाला आणता येईल. आपल्या पणजोबांनी ज्या उंबऱ्याला डोके टेकले तो उंबरा पुन्हा घडवता येणार नाही.

निर्णय अजून झालेला नाही. मूर्तिलेख वाचण्याचे काम मात्र सुरू झाले आहे आणि छत पाहायला अभियंता येऊन गेला आहे. तोवर वर्गणीची वही बंद ठेवली आहे.

ज्यांना तेरला जायचे असेल त्यांनी पावसाळा संपल्यावर किंवा हिवाळ्यात जावे. विटांचे काम कोरड्या उन्हात चांगले दिसते आणि लेण्यांकडचा चढ त्रासाचा होत नाही. तेरमध्ये महावीरांचे दर्शन, वस्तुसंग्रहालय, त्रिविक्रम, उत्तरेश्वर आणि नदीकाठची गोरोबाकाकांची समाधी हे सारे एका दिवसात शांतपणे होते. दुसऱ्या दिवशी धाराशिवची लेणी पाहून कुंथलगिरी गाठता येते. मुलांना अवश्य बरोबर न्यावे. देशोदेशीचा व्यापार कालच सुरू झाला असे त्यांना वाटत असते. तेरच्या कपाटातील तो हस्तिदंताचा तुकडा त्यांना आपल्या शब्दांपेक्षा अधिक सांगेल. आणि त्रिविक्रमाच्या मंदिरात गेल्यावर त्यांना एकदा मान वर करून ते छप्पर पाहायला सांगावे. ज्यांनी ते बांधले त्यांचा देव आज तेथे नाही, ज्यांचा देव तेथे आहे त्यांनी ते बांधले नाही. तरीही दोघांच्या श्रद्धेमुळे ते आजवर उभे आहे.